फ्लॉवर बेड आणि हिरवा नोड

आमच्या वास्तुरचनेच्या व्यवसायात सध्या एक नवा धर्मप्रसार जोरात आहे. रेव्हिट या सॉफ्टवेअरमध्ये इमारतीचं मॉडेल करा, चित्ररूप प्रोग्रॅमिंगचं डायनॅमो उघडा, सूचनांचे ठोकळे म्हणजे नोड मांडा, तारा जोडून त्यांचा ग्राफ करा. बांधकाम नियमावली आपोआप तपासून निघते. कोड लिहायला नको, पालिकेत खेटे नकोत, नकाशा तपासणारा अभियंता तर मुळीच नको. माणूस गेला की चिरीमिरीही गेली! नियमांची यंत्राला झेपतील अशी निर्णय-कोष्टकं करण्याची कल्पना स्टीव्हन फेन्व्ह्स यांनी 1966 सालीच मांडली होती. तेव्हा नवलाई जरा बेतानं घ्यावी.

खरी खोट निराळीच आहे. नोड वाचतो ते मॉडेलमध्ये आपणच लिहिलेलं नाव. खोलीला 'स्टोअर' म्हटलं की राहण्याच्या खोलीचा नियम तिला लागतच नाही. तिथे पलंग पडणार हे आर्किटेक्टला ठाऊक, बिल्डरला ठाऊक, घेणाऱ्यालाही ठाऊक. अडाणी काय तो नोड. मुंबईकरांना फ्लॉवर बेड आठवत असतील. ते एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर मंजूर असलेल्या बांधकाम क्षेत्रात, मोजले जात नसत. मग काय, खिडकीखिडकीबाहेर फुलझाडांची अशी आवड उत्पन्न झाली की विचारता सोय नाही. ताबा मिळाला की मधली भिंत फुटायची, फरशी सपाट व्हायची आणि बाग बेडरूममध्ये जमा व्हायची. कागदावर मात्र प्रत्येक रेघ नियमात. कोणत्याही ग्राफनं ते नकाशे डोळे मिटून पास केले असते. ही पळवाट बुजवली ती जानेवारी 2012 च्या दुरुस्तीनं: बाल्कनी, फ्लॉवर बेड सगळं एफएसआयमध्ये धरायचं आणि बदल्यात निवासी इमारतींना 35 टक्क्यांपर्यंत फंजिबल, म्हणजे हवा तिथे वापरता येणारा जादा, एफएसआय द्यायचा. लबाडी ओळखली माणसांनी, नियम बदलला तोही माणसांनीच.

कॅड नकाशांची लेअरवाली संगणकी तपासणी आली तेव्हाही हेच कीर्तन ऐकलं होतं. रेघ ठरलेल्या लेअरवर नसली की नकाशा परत. परिणाम असा की एक नकाशा सॉफ्टवेअरसाठी आणि दुसरा साइटसाठी निघू लागला. तो वाद आम्ही तेव्हा घातला, हरलो, आणि निमूटपणे लेअर रंगवले.

बाकीचे आक्षेप किरकोळ. मोठ्या ग्राफमधली तार कुठून कुठे जाते ते करणाऱ्यालाही महिन्याभरानं सांगता येत नाही. माहितीच मिळाली नाही तर नोड 'नल' देतो, आणि त्यालाच 'पास' समजणारे महाभाग आहेत. 'शक्यतो' या शब्दाचा नोड अजून निघायचा आहे.

मग हे साधन टाकून द्यायचं का? मुळीच नाही. जिन्याची रुंदी, पायरीची उंची, खोलीचं क्षेत्रफळ ही मोजामोज ग्राफनंच करावी. तो कंटाळत नाही. शिवाय बंद सॉफ्टवेअरमध्ये जे झाकलेलं असतं ते इथे उघड दिसतं. खिडक्यांसाठी नॅशनल बिल्डिंग कोड उष्ण-कोरड्या हवेत खोलीच्या क्षेत्रफळाचा दहावा भाग मागतो, उष्ण-दमट हवेत सहावा. ग्राफमध्ये यांतला कुठला बसवलाय त्यावर बोट ठेवता येतं. निकाल मात्र तीन हवेत: पास, नापास आणि 'माणसाला विचारा'.

तेव्हा तारा जोडणाऱ्या मंडळींनी नकाशाबरोबर ग्राफही पालिकेत दाखल करावा, नोडांच्या प्रत्येक गटावर नियमाचा क्रमांक घालावा, आणि 'स्टोअर' बघायला अभियंता साइटवर आला तर त्याला आत येऊ द्यावं.