एकदाच शिकून हात बसत नाही

गल्लीत क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला असा एक कॅच आठवत असेल. चेंडू उंच गेलाय, खाली दोघं उभे आहेत. कॅच दोघांनाही घेता येतो, पण 'माझा!' असं कुणीच ओरडत नाही आणि चेंडू दोघांच्या मधे पडतो.

लेबर रूममध्ये नुकतंच जन्मलेलं लेकरू रडत नाही, तेव्हाही असंच होऊ शकतं. डॉक्टर हुशार असतात, सिस्टर अनुभवी असतात. पण अंबू बॅग कुणी धरायची, ठोके कुणी मोजायचे, घड्याळाकडे कुणी बघायचं हे ठरलेलं नसेल, तर पहिला मिनिट हातातून जातो. शंभरातल्या साधारण दहा बाळांना जन्मल्यावर श्वास सुरू करायला थोडीफार मदत लागते, आणि ती त्या पहिल्या मिनिटातच द्यायची असते.

यावर उपाय म्हणजे बाहुलीवरचा सराव. १९६० मध्ये आसमुंड लार्डाल या नॉर्वेच्या खेळणी बनवणाऱ्यानं कृत्रिम श्वास शिकवण्यासाठी माणसाएवढी बाहुली तयार केली. आज नवजात बाळाच्या आकाराच्या बाहुल्याही मिळतात. खरी गोष्ट मात्र बाहुलीत नाही, टीममध्ये आहे. आपल्याच वॉर्डात, आपल्याच सामानानिशी, रोजच्याच माणसांनी खोटा प्रसंग खरा मानून हाताळायचा. मग पाच मिनिटं बसून बोलायचं: कुठं अडलं? मास्क सापडायला वेळ का लागला? 'तुम्ही बॅग द्या' असं नाव घेऊन सांगितलं, की नुसतंच 'कुणीतरी द्या'?

आपल्याकडे प्रशिक्षण होतच नाही, असं नाही. केंद्राचा नवजात शिशु सुरक्षा कार्यक्रम २००९ पासून आहे. अडचण पुढं आहे. नागपूर, बेळगाव आणि केनियातल्या एल्डोरेट भागात प्रसूती करणाऱ्या कर्मचाऱ्यांना बाहुलीवर शिकवून काही महिन्यांनी पुन्हा तपासलं गेलं. माहिती बहुतेकांच्या लक्षात होती, पण मास्कनं श्वास देण्यातली सफाई कमी झाली होती. उजळणी केल्यावर ती परत आली. नुसत्या एका प्रशिक्षणानं सगळीकडे बाळांचे मृत्यू सारखे घटले, असंही दिसलं नाही. सर्टिफिकेट भिंतीवर राहतं, हाताची सवय मात्र सुटते.

देगलूरला हे जास्त लागू पडतं. इथून नांदेड ऐंशीएक किलोमीटर. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत लेकराचा श्वास चालू ठेवायचा तो इथल्याच माणसांनी. आणि नांदेडवरचा ताण आपण पाहिलाय. २०२३ च्या ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर या चोवीस तासांत विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात होते. अख्खा महाराष्ट्र हादरला होता.

कुणी म्हणेल, मुळात माणसंच कमी आहेत, सरावाला वेळ कुठून काढणार? प्रश्न बरोबर आहे. रिकाम्या जागा आणि औषधं यांना बाहुली पर्याय नाही, त्यासाठी भांडत राहावंच लागेल. पण माणसं कमी असतात तिथंच प्रत्येकाला आपलं काम न सांगता माहीत असावं लागतं. बाँडवरचे डॉक्टर दरवर्षी बदलतात, म्हणजे टीमही दरवर्षी नवी असते.

म्हणून आमची मागणी छोटी आहे. देगलूरच्या उपजिल्हा रुग्णालयात दर महिन्याला, प्रत्येक शिफ्टमध्ये पंधरा मिनिटांचा सराव व्हावा. त्यात डॉक्टर आणि सिस्टरांबरोबर वॉर्डातले मामा-मावशी आणि १०८ चे कर्मचारीही असावेत. कुणाचं चुकलं याची नोंद रागवायला नको, सुधारायला हवी.

आणि दोस्तांनो, तुमच्यापैकी जे नर्सिंग किंवा मेडिकलला आहेत त्यांनी आपल्या कॉलेजात एवढं नक्की विचारा: बाहुली आहे का? असेल, तर ती कपाटातून शेवटची कधी बाहेर काढली होती?