दार कुठून ढकलायचं?

मी विज्ञान शाखा सोडली ती एका दारामुळे.

अकरावीत होतो, साल १९९६. भौतिकशास्त्राच्या सरांनी प्रश्न टाकला, "दाराची मूठ बिजागरीपासून लांब का बसवतात?" वर्गात शांतता. आमच्या घरचं दार डोळ्यांसमोर आणून मी उभा राहिलो आणि म्हणालो, "बोटं चेमटू नयेत म्हणून, सर." वर्ग हसला. सरही हसले, आणि हसता हसता फळ्याकडे वळून त्यांनी लिहिलं : टाऊ बरोबर आर क्रॉस एफ. त्या क्रॉसनं माझ्या वैज्ञानिक कारकिर्दीवर जी फुली मारली ती कायमची. पुढच्या जूनमध्ये मी कॉमर्सला होतो, आणि आज एका बँकेच्या खिडकीमागं बसून इतरांच्या फुल्या तपासतो.

माझं उत्तर चूक होतं असं मी अजूनही मानायला तयार नाही. बिजागरीपाशी बोटं चेमटतात ती का? दाराच्या कडेवर लावलेला थोडासा जोर बिजागरीपाशी पोचता पोचता कित्येक पटींनी वाढतो म्हणूनच ना? म्हणजे सर विचारत होते तेच मी सांगत होतो, फक्त बोटांच्या बाजूनं. पण सरांना पोर्शन संपवायचा होता.

हे सगळं तीस वर्षं मी विसरलो होतो. परवा कन्यारत्न रात्री साडेदहाला वही मिटून म्हणालं, "बाबा, मी कॉमर्स घेऊ का?" मी हादरलो. घरात एक कॉमर्स पुरे आहे. "का गं?" म्हणून विचारलं तर वही पुढं केली. वहीत टाऊ बरोबर आर क्रॉस एफ. तीस वर्षांत सगळं बदललं, पासबुकं छापायची यंत्रं आली, पण त्या फुलीला कुणी धक्का लावला नव्हता.

आता माझं भांडण काय आहे ते नीट मांडतो, नाहीतर क्लासवाले म्हणतील की या कारकुनाला सदिश गुणाकार झेपत नाही म्हणून तो आकांडतांडव करतोय. (झेपत नाही हे खरं. पण ते कारण नव्हे.)

मूळ गोष्ट एवढीशी आहे : एखादी वस्तू फिरवायची तर नुसता जोर किती लावला याला अर्थ नाही, तो आसापासून किती लांब लावला आणि कोणत्या दिशेनं लावला यालाही तेवढाच अर्थ आहे. जोर गुणिले लंब अंतर. याला कुणी आघूर्ण म्हणतं, कुणी परिबल, इंग्रजीत मोमेंट म्हणतात आणि टॉर्कही म्हणतात. यातला टॉर्क हा शब्द भौतिकशास्त्रात आला १८८४ साली, लॉर्ड केल्व्हिनचे थोरले बंधू जेम्स थॉमसन यांच्यामुळे. पण तरफेचा हिशेब आर्किमिडीजनं ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकात मांडून ठेवला होता, आणि जात्याचा खुंटा मधोमध न ठोकता कडेला ठोकायचा हे आमच्या आजीला टाऊ न शिकता ठाऊक होतं. आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला पोरगा चाकाची नटं हटेनाशी झाली की पान्याच्या दांड्यात लोखंडी पाइप घालतो. वीस सेंटिमीटरच्या पान्यावर पाचशे न्यूटन जोर, म्हणजे साधारण पन्नास किलोच्या माणसानं उभं राहणं, घातला तर शंभर न्यूटन-मीटर होतात. पाइप घालून दांडा साठ सेंटिमीटरचा केला की माणूस तोच, वजन तेच, आणि झाले तीनशे. नट सुटतो. हा पोरगा दहावी नापास आहे. कशात, ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

तर अशी ही हाताला, खांद्याला, मनगटाला कळणारी गोष्ट. आणि तिची ओळख आपण पोरांना कशी करून देतो? "उजव्या हाताची बोटं आरकडून एफकडे वळवा, अंगठा दाखवेल ती आघूर्णाची दिशा." पोरं वर्गात बसून अंगठे वळवतात. दार सरकतंय आडवं, आणि अंगठा दाखवतोय छताकडे! ही दिशा म्हणजे दार जायची दिशा नव्हे, ज्या रेषेभोवती ते फिरतं त्या बिजागरीची रेषा, एवढं एक वाक्य कुणी बोलत नाही. त्यात परीक्षेत उजव्या हातात पेन असतं, म्हणून निम्मी पोरं नकळत डावा हात वळवतात आणि अधिकाचं उणे करून येतात. आमच्या कन्येचा एक गुण असाच गेला. घड्याळाच्या उलट फिरलं तर अधिक, घड्याळासारखं फिरलं तर उणे. म्हणजे भिंतीवरचं बिचारं घड्याळ जन्मभर उण्यातच चाललंय, आमच्या पगारखात्यासारखं.

पुस्तकात दार नसतं असं मी म्हणत नाही. असतं. पण ते दोन ओळींत उघडतं आणि तिसऱ्या ओळीत बंद होतं, आणि मग पानंच्या पानं साइन थिटा.

क्लासचे सर भेटले तेव्हा मी हे सगळं बोललो. ते सज्जन आहेत. म्हणाले, "काका, तीन मितींत गणित करायचं तर क्रॉस प्रॉडक्ट लागणारच. दारं ढकलत बसलो तर एण्ट्रन्सला कोण बसेल?" पहिलं वाक्य मला मान्य आहे, अगदी मान्य. दुसऱ्याला मात्र माझा सक्त विरोध आहे. व्याज काढायचं सूत्र शिकवण्याआधी व्याज म्हणजे काय ते तरी आम्ही ग्राहकाला सांगतो. निदान कर्ज देताना.

शिवाय यातल्या खऱ्या गमती तशाच राहून जातात. न्यूटन-मीटर हेच एकक ऊर्जेचं, तिथं त्याला ज्यूल म्हणायचं. पण आघूर्णाला ज्यूल म्हटलं की गुण कापतात. पोरगी म्हणाली, "हे असंच असतं, पाठ करायचं." काय म्हणून पाठ करायचं? कार्य होतं तेव्हा जोर आणि सरकणं एका रेषेत असतं; इथं जोर आणि अंतर एकमेकांना काटकोनात. रक्कम सारखी असली म्हणून बचत खातं आणि कर्ज खातं एक होत नाही. आघूर्णाला फिरलेल्या कोनानं गुणलं की मग ते कार्याच्या खात्यात जमा होतं. मी हे सांगितल्यावर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की जणू मी कॉमर्सचा नव्हेच.

मग मला चेव आला. समतोलाचा नियम म्हणजे घड्याळाच्या दिशेची आघूर्णं आणि उलट दिशेची आघूर्णं यांची बेरीज सारखी. अहो, ही तर तेरीज! नावे बरोबर जमा! आणि आस कुठेही धरा, हिशेब जुळतोच. भिंतीला टेकलेल्या शिडीच्या गणितात शिडीच्या पायाशी आस धरायचा, की पायाशी असलेली जमिनीची दोन्ही अज्ञात बलं शून्य अंतरामुळे आपोआप गळतात. जिथं घोळ आहे त्याच खात्यावर बसून बाकीचं ताळ्यात आणायचं, हे काम मी अठरा वर्षं करतोय. तिनं तीन गणितं अशी सोडवली. बलयुग्माचं मी सांगणार होतो की दोन बलं, सारखी, विरुद्ध दिशेची, एका रेषेत नसलेली. बेरीज शून्य, तरी वस्तू फिरतेच. याचं उदाहरण म्हणून मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. "बरणीचं झाकण म्हणताय ना?" आतून आवाज आला. मी बरणीच म्हणालो.

शेवटी आम्ही दोघं दाराशी गेलो. मी बिजागरीपासून वीतभरावर दोन्ही तळहात लावले, वजन अठ्ठ्याहत्तर किलो. ती पलीकडून कडेला, एका हातानं. "ढकल." माझा चेहरा लाल झाला, दार माझ्याच अंगावर आलं, आणि पोरगी हसत सुटली. तीस वर्षांपूर्वीच्या वर्गासारखंच हसली, पण या वेळी मला वाईट वाटलं नाही. "सरांनी हे का नाही करून दाखवलं?" तिनं विचारलं. क्लासला काचेचं दार आहे, ढकलतात ते फक्त आत यायला, एवढंच मी म्हणालो.

आणि काचेच्या दारावरून मला आमचं दार आठवलं.

आमच्या शाखेला दोन वर्षांपूर्वी नवं काचेचं दार बसलं. बिजागरी दिसत नाही, उभी मूठ फक्त आतून. बाहेरून नुसती गुळगुळीत काच. पेन्शनच्या दिवशी म्हातारीकोतारी येतात आणि निम्मी माणसं नेमकी बिजागरीच्या बाजूनं ढकलतात. दार हलत नाही. एक आजी दोनदा ढकलून, बँक बंद आहे असं समजून पायऱ्या उतरून गेल्या होत्या. रिक्षानं आल्या होत्या, रिक्षानं परत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "काल बंद होती का रे?" मी अकरा वाजल्यापासून आतच बसलो होतो.

पोरीनं सामान तोलायचा हूकचा काटा आणला. आतल्या मुठीला अडकवून ओढलं तर दार तीन किलोला उघडायला लागलं. मूठ बिजागरीपासून ऐंशी सेंटिमीटरवर. आजी ढकलत होत्या दहा सेंटिमीटरवर. म्हणजे आठपट. चोवीस किलो, सिमेंटचं जवळजवळ अर्धं पोतं, एकाहत्तर वर्षांच्या बाईनं.

मी साहेबांना अर्ज दिला : दारावर 'येथे ढकला' असं लिहावं. साहेब म्हणाले, काचेवर काय चिकटवायचं ते वरच्या कार्यालयातून ठरतं, पाठवून देतो. अर्ज गेला. फाईल हलेना, तीही बहुधा बिजागरीच्या बाजूनं ढकलली असावी.

पुढच्या शनिवारी पोरगी डबा द्यायला आली आणि जाता जाता आईची मोठी लाल टिकली काचेच्या कडेला, छातीच्या उंचीवर, चिकटवून गेली. सोमवारी आजी आल्या. टिकली पाहून जरा थबकल्या, बोट लावलं, आणि दार उघडलं.

साहेब केबिनमधून पाहत होते. बाहेर येऊन विचारलं, "हे काय लावलंय?"

"आर, साहेब," मी म्हणालो.