पाइपाला केबल नको, पहाटे लाईट द्या

मुलाकडे पार्ल्याला आलोय. शेजारच्या सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये पारा ७.४ वर आला होता, तोच इथला नीचांक. आपल्या निफाडला याहून जास्त गारठा पडतो. मुलगा म्हणाला, "दादा, ठिबकला गरम होणारी केबल गुंडाळा, पाणी गोठणार नाही."

हिशेब मांडला. नऊ फुटी ओळी असल्या तर एकरी लॅटरल साधारण १५०० मीटर. मीटरला १० वॅट धरले तरी १५ किलोवॅट, म्हणजे २० एचपी! माझी मोटर पाचची. लडाखात घरच्या नळाला ही केबल ठीक. आपल्याकडे पाइप फुटत नाही, द्राक्षमणी तडकतात. बागेला पहाटे विहिरीचं कोमट पाणी सोडावं लागतं. त्यासाठी थंडीत पहाटे थ्री फेज द्या, एवढंच मागणं. तुमच्याकडे कधी असते लाईट?