मूळच्या कुठल्या?

“आजी, तुम्ही मूळच्या कुठल्या?”

आमच्या खालाला हा प्रश्न विचारला गेला तेव्हा बस काशीदची सुरूची झाडं मागे टाकून मुरुडकडे निघाली होती. उजव्या हाताला समुद्र चमकत होता. विचारणारा गाइड पंचवीस-सव्वीस वर्षांचा, गोड बोलणारा, सगळ्यांना पाण्याच्या बाटल्या आठवणीने देणारा पोरगा. खालाच्या डोक्यावर ओढणी होती, तीही रोजचीच.

खाला म्हणाली, “विहूरची.”

विहूर म्हणजे त्याच रस्त्यावर पुढे वीसेक मिनिटांवर. तिचं माहेर.

“तसं नाही हो, त्याच्या आधी?”

“त्याच्या आधी आईच्या पोटात होते, बाबा.”

बस हसली. गाइडही मनापासून हसला. मला हसू आलं नाही. माझं डोकं दोन दिवस त्या प्रश्नात अडकून होतं, म्हणून हे लिहितोय.

मुंबईहून पहाटे निघायचं, अलिबागवरून किनाऱ्याकिनाऱ्याने जंजिऱ्यापर्यंत जायचं आणि रात्री परत. नाश्ता, माशाची थाळी, होडी आणि गाइडची कॉमेंटरी, सगळं एका तिकिटात. रस्ता खरंच देखणा आहे. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा, मग कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल, कोर्लई, काशीद, नांदगाव, मुरुड, राजपुरी. नारळी-पोफळीच्या वाड्या संपतात तिथे वाळू सुरू होते. त्या रस्त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे माइकमधून आलेल्या क्रियापदांबद्दल.

नीट ऐका. नागाव-नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या जहाजातून वाचलेले बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते शनवार तेली, आमच्या गाइडच्या तोंडून इथे ‘आश्रयाला आले’. रेवदंड्याची तटबंदी बांधणारे पोर्तुगीज ‘व्यापाराला आले’. कोर्लईच्या ख्रिस्ती लोकांची पोर्तुगीज वळणाची बोली तर ‘किती गंमतशीर’. आणि मुसलमान? ते ‘चालून आले’. थेट जंजिऱ्यावर, तलवार घेऊन. त्याआधी जणू ते या किनाऱ्यावर नव्हतेच. समुद्र तोच, वारा तोच, गलबतंही तशीच. पण उतरणाऱ्या माणसाचा धर्म बघून क्रियापद बदलतं.

आता बस ज्या चौलमधून न थांबता गेली, त्या चौलबद्दल बोलू. अरब प्रवासी अल-मसऊदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास इथे येऊन गेला. तो ज्याला सैमूर म्हणतो ते हेच चौल. वर राष्ट्रकूटांचं राज्य होतं आणि इथे त्यांचा मांडलिक शिलाहार राजा झंझ. मसऊदी लिहितो, या शहरात सुमारे दहा हजार मुसलमान राहतात. सिराफचे, ओमानचे, बसऱ्याचे, बगदादचे. इथेच लग्नं करून स्थायिक झालेले. त्यांचे आपसातले तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलाय, त्याला हुनरमन म्हणतात. आणि त्याने आणखी एक शब्द नोंदवून ठेवलाय: बयासिरा. म्हणजे मुसलमान आईबापांच्या पोटी याच भूमीत जन्मलेले.

इथेच जन्मलेल्या मुसलमानांसाठी वेगळा शब्द लागावा, इतके ते इ.स. ९१६ मध्ये होते! तेव्हा दिल्लीत सुलतान नव्हता. महमूद गझनीचा जन्मही झाला नव्हता. आमच्या बसने अर्ध्या तासापूर्वी आक्षी ओलांडलं होतं. तिथल्या शिलालेखाला मराठीतला सर्वांत जुना म्हणतात, त्याचं साल शके ९३४ म्हणजे इ.स. १०१२ असं वाचलं जातं. गाइडने तो शिलालेख अभिमानाने सांगितला, आणि सांगायलाच हवा. पण मग हिशेब पुरा करा ना. त्या दगडावर मराठी कोरली गेली, त्याच्या शंभरेक वर्षं आधीपासून शेजारच्या बंदरात मुसलमानांची घरं होती. अशा किनाऱ्यावरच्या बाईला तुम्ही ‘त्याच्या आधी?’ विचारता.

आणि ते नुसते व्यापारीच होते असंही नाही. डहाणू तालुक्यातल्या चिंचणीला सापडलेला शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६ चा ताम्रपट बघा. राष्ट्रकूटांच्या वतीने संजाणचा सगळा मुलूख सांभाळणारा अधिकारी एक ताजिक, म्हणजे अरब मुसलमान आहे. संस्कृतात त्याचं नाव मधुमती लिहिलंय, म्हणजे मुहम्मद. त्याने नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातलं आणि देवीच्या मठाला दिलेल्या दानाला मान्यता दिली. उत्तर कोकणात एक मुसलमान सुभेदार देवीच्या मठाची सोय बघतोय, ही गोष्ट माइकवर सांगायला किती मिनिटं लागतात? रेवदंड्याच्या पुलावर ट्रॅफिक होतं, आम्ही पंधरा मिनिटं उभे होतो. त्या वेळात गाणी लावली.

जंजिऱ्यावर तर विचारू नका. सिद्दी ‘आक्रमक’. अहो, हे हबशी आफ्रिकेतून विकत आणलेले गुलाम होते किंवा अशा गुलामांचे वंशज. त्यांनी कसलं आक्रमण केलं? ते निजामशाहीच्या चाकरीत चढत गेले. त्याच निजामशाहीत त्याच हबशांपैकी मलिक अंबर वजीर झाला, आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे आणि त्यांचे बंधू शरीफजी त्याच्या बाजूने लढले. शरीफजी तिथे कामी आले. दोन्ही भावांची नावं अहमदनगरच्या शाह शरीफ पिरावरून ठेवलेली. हे सगळं एका वाक्यात बसतं, पण ते वाक्य बसमध्ये बसत नाही.

पण इथे मला आपल्याच लोकांकडेही वळायचंय, कारण माझा राग फक्त गाइडवर असता तर कंपनीला एक ईमेल केला असता.

आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर काही महिन्यांनी जंजिऱ्याचा फोटो फिरतो. खाली लिहिलेलं असतं, आपला अजिंक्य किल्ला, कोणालाच घेता आला नाही. कोणाचा आपला? सिद्दीने या किनाऱ्यावर लुटालूट केली, गावं जाळली, माणसं धरून नेली. त्यात कोळी होते, भंडारी होते, कुणबी होते. तो आधी विजापूरचा, मग औरंगजेबाचा. १६७० च्या सुमारास जंजिऱ्याचा फत्तेखान शिवाजी महाराजांशी तह करायला तयार झाला होता, तर त्याच्याच साथीदारांनी त्याला कैद केलं आणि मोगलांचा हात धरला. हे राजकारण होतं, दीन नव्हे. आणि १६७९ साली खांदेरीच्या समुद्रात महाराजांच्या आरमाराचा एक सरदार कोण होता? दौलतखान. इंग्रज आणि सिद्दी दोघांच्या विरुद्ध. त्याचा फोटो सोडा, त्याचं नावही आपल्या ग्रुपवर कधी येत नाही. मग गाइडने ते घ्यावं ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

आणि तो ‘मूळचे कुठले’ प्रश्न. खरं सांगा, तो सर्वांत जास्त कोण विचारतं? लग्न जमवताना आपणच. आमच्याकडे एक मामू आहेत. हज्जाज बिन यूसुफच्या जुलमाला कंटाळून आमचे पूर्वज कूफ्याहून निघाले, हे ते प्रत्येक दावतीत बिर्याणी येईपर्यंत सांगतात. समोरचा कोणी म्हणाला की आमचे आजे-पणजे इथलेच, कोळ्यातले किंवा कुणब्यातले, तर त्यांचा चेहरा बघण्यासारखा होतो. आडनाव सारंग, तांडेल किंवा नाखवा, तोंडी कोकणी बोली, ताटात तांदळाची भाकरी, आणि शजरा मात्र अरबस्तानचा पाहिजे! हजार वर्षांपूर्वी मसऊदीने ज्यांना ‘इथे जन्मलेले’ म्हणून लिहून ठेवलं, त्यांचेच वारस आज इथे जन्मल्याचं लपवतात. मग कोणी माइकवर आपल्याला परदेशी ठरवलं की दुखतं. घरात आपण शिकवलेलंच तो बाहेर म्हणतो, फक्त त्याचा सूर वेगळा.

राजपुरीला शिडाच्या होडीतून किल्ल्यावर गेलो. गर्दीतून धावतपळत कलाल बांगडी तोफ पाहिली, दारावरचा हत्ती पकडलेला सिंह पाहिला. राजपुरीजवळच खोकरीला सिद्द्यांचे तीन दगडी मकबरे आहेत, कोरीवकामाने भरलेले. संरक्षित स्मारक आहे. बस तिकडे वळली नाही. विचारलं तर उत्तर मिळालं, “तिथे बघण्यासारखं काही नाही, कबरीच आहेत.” थाळीला मात्र सव्वा तास मिळाला. सुरमई छान होती, खोटं कशाला बोलू.

टूर कंपन्यांना माझं एवढंच म्हणणं आहे. चौलला वीस मिनिटं थांबा. मसऊदी सांगा, झंझ राजा सांगा, मधुमतीच्या फुकट नावा सांगा, आणि सिद्दीची लूटही सांगा. मुसलमानाला हिरो करू नका. जे क्रियापद बेने इस्रायलांना वापरता तेच वापरा, पुरे. आणि आपल्यातल्या जे या सहलीला जातात त्यांनी तोंड उघडा. मी उघडलं नव्हतं. रेवदंड्याला नाही, जंजिऱ्यावर नाही. उत्तर दिलं ते सत्तरीच्या खालाने.

परतताना विहूर आलं तेव्हा अंधार पडत होता. खालाने गाइडला हाक मारली आणि खिडकीतून बोट दाखवलं. “ती मशीद दिसते? तिच्यामागे आमची विहीर.” त्याने वाकून पाहिलं, म्हणाला, “अरे वा.” उतरताना मी त्याचा नंबर घेतला. मसऊदीचं ते पान आणि चिंचणीच्या ताम्रपटाची माहिती दुसऱ्याच दिवशी पाठवली. निळ्या खुणा दिसतायत. उत्तर अजून आलेलं नाही.