आधी डिग्री की आधी ड्राफ्ट?



कॉलेज बास्केटबॉलशी आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध मार्च महिन्यापुरता. ऑफिसात ब्रॅकेट भरायचा, पाच-दहा डॉलर घालवायचे आणि एप्रिल उजाडला की विसरून जायचं. पण आपली मुलं इथे वाढली, त्यांचं तसं नाही. कुठला खेळाडू कॉलेज सोडून ड्राफ्टला नाव देणार, हे त्यांना तोंडपाठ असतं. मग जेवायच्या टेबलावर प्रश्न येतो, 'एका वर्षात कॉलेज सोडलं तर काय बिघडलं?' आपलं उत्तर तयारच असतं, 'आधी डिग्री पूर्ण कर!'

हे उत्तर इतकं सोपं आहे का, हे आम्ही जरा खोलात जाऊन पाहिलं. आम्ही पडलो आयटीवाले. हिशोब मांडल्याशिवाय आमचं पोट भरत नाही.

ज्यांचा पिंड क्रिकेटचा आहे त्यांच्यासाठी आधी थोडी पूर्वपीठिका. एनबीएचे 30 संघ दरवर्षी जूनमध्ये ड्राफ्ट करतात, म्हणजे नवे खेळाडू आळीपाळीने निवडतात. त्याच्या दोन फेऱ्या असतात. पूर्वी हायस्कूलमधून थेट उडी मारता यायची. केविन गार्नेट 1995 मध्ये, कोबी ब्रायंट 1996 मध्ये आणि लेब्रॉन जेम्स 2003 मध्ये असेच आले. 2005 च्या करारात नियम बदलला. आता ड्राफ्टच्या वर्षी वय किमान 19 व्हायला हवं आणि अमेरिकन मुलाला हायस्कूल संपून एक वर्ष झालेलं हवं. एकच वर्ष कॉलेजात काढून निघून जाणारी मुलं वाढली ती त्यानंतर.

आता पैशांचं गणित. पहिल्या फेरीत निवड झाली की पगार ठरलेल्या कोष्टकाप्रमाणे मिळतो. पहिली दोन वर्षं पक्की, पुढची दोन संघाच्या मर्जीवर. दुसऱ्या फेरीत मात्र अशी हमी नाही. अनेकांच्या वाट्याला 'टू-वे' करार येतो, म्हणजे नवख्या खेळाडूच्या किमान पगाराच्या निम्मे पैसे आणि बराचसा काळ जी-लीग नावाच्या खालच्या लीगमध्ये. म्हणून तिसाव्या आणि एकतिसाव्या क्रमांकातलं अंतर कागदावर दिसतं त्यापेक्षा फार मोठं आहे. आपल्याकडे एक मार्क कमी पडून सीओईपीची सीट हुकायची, त्यातलाच प्रकार!

खरा मोठा पैसा मिळतो तो पहिला करार संपल्यावर, दुसऱ्या करारात. म्हणून ज्याची वरची जागा नक्की आहे, त्याचं कॉलेजातलं प्रत्येक जादा वर्ष त्या दुसऱ्या कराराला एक वर्ष लांब ढकलतं. शिवाय संघांना वय कमी असलेला खेळाडू हवा असतो. बावीस वर्षांच्या मुलाला तिथे 'वय झालं' म्हणतात, बोला आता. कूपर फ्लॅगने 2025 मध्ये एका वर्षात ड्यूक सोडलं, अठराव्या वर्षी त्याला डॅलसने पहिल्या क्रमांकावर निवडलं आणि चार वर्षांचा करार 6 कोटी डॉलर्सच्या वर गेला. त्याला 'थांब रे बाळा' म्हणणारा माणूस त्याचा हितचिंतक ठरला नसता. याच ड्यूकच्या झायन विल्यमसनचा बूट फेब्रुवारी 2019 मध्ये सामना सुरू झाल्यावर मिनिटभराच्या आत फाटला आणि गुडघा दुखावला. तो सावरला, त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर निवडलाही गेला. पण त्या वेळी त्याला खेळाचा पगार शून्य होता, हे विसरू नका.

पण फ्लॅग आणि झायन वर्षाला एखाद-दुसराच असतो. प्रश्न येतो तो पंचवीस ते साठ या क्रमांकांत अडकलेल्या मुलांचा. यात दोन उदाहरणं आपल्या जवळची आहेत.

पहिलं सिम भुल्लरचं. टोरांटोच्या पंजाबी घरातला साडेसात फुटांच्या आसपासचा मुलगा. न्यू मेक्सिको स्टेटमध्ये दोन सीझन खेळून 2014 मध्ये त्याने ड्राफ्टला नाव दिलं. कुणीच निवडलं नाही. पुढे सॅक्रामेंटो किंग्जने त्याला घेतलं (मालक विवेक रणदिवे, मूळचे मुंबईचे). 2015 च्या एप्रिलमध्ये तो एनबीएत खेळणारा भारतीय वंशाचा पहिला खेळाडू झाला, तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगली होती. पण सामने किती? तीन. मिनिटं तर बोटांवर मोजावीत. आणखी दोन वर्षं कॉलेजात राहिला असता तर वेगळं घडलं असतं का, हे सांगता येत नाही. पण नाव मागे घ्यायची मुदत टळली की परतीचं दार साधारणपणे बंद होतं, आणि त्याच्यासाठी ते झालंच.

दुसरं झॅक ईडीचं. हाही टोरांटोचाच आणि उंचीही जवळपास तेवढीच. 2023 मध्ये पर्ड्यूला सोळाव्या मानांकनाच्या संघाने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू असूनही ईडीचा ड्राफ्टमधला अंदाज दुसऱ्या फेरीचा होता. त्याने अगदी मुदतीच्या तोंडावर नाव मागे घेतलं, एक वर्ष आणखी खेळला, संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेलं आणि 2024 मध्ये मेम्फिसने त्याला नवव्या क्रमांकावर निवडलं. एका वर्षाचा भाव!

यातली आपल्या घरातली गोष्ट अशी की ईडी एफ-1 व्हिसावर होता. 2021 च्या जुलैपासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर, जाहिरातींवर पैसे कमवायला परवानगी मिळाली, पण एफ-1 वाल्याला इथे बसून कमाई करता येते का, या प्रश्नाने त्याचे हात बरेचसे बांधलेले होते. कॅम्पसबाहेर काम करायला घाबरण्याचे दिवस आपल्यातल्या अनेकांनी काढलेत, तेव्हा जास्त सांगायला नको.

अमेरिकन मुलांसाठी मात्र त्या एका निर्णयाने गणित उलटं केलं. जून 2025 मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली. 2025-26 साठी मर्यादा एका कॉलेजला सगळे खेळ मिळून सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर्स. मुदतीआधी ड्राफ्टला नाव देणारे 2021 मध्ये 353 होते (कोविडच्या जादा वर्षामुळे तो आकडा फुगलेला होता), 2025 मध्ये 106. एनबीएने 2020 मध्ये तरुणांना कॉलेजऐवजी पगारी पर्याय म्हणून काढलेला 'इग्नाइट' संघ 2024 मध्ये गुंडाळला. म्हणजे मधल्या फळीतल्या मुलाला आता थांबण्याचेच पैसे मिळतात. आमच्या मते त्याने थांबावं. ज्याला पहिल्या वीसात जागा मिळेल असं चार संघ सांगतायत, त्याने जावं.

आणि डिग्री? आपल्या पिढीचा हा हुकमी एक्का, पण या वादात तो सगळ्यात दुबळा आहे. जॉर्डनने 1984 मध्ये तीन वर्षांनी कॉलेज सोडलं आणि 1986 मध्ये भूगोलाची पदवी घेतली. शकील ओनीलने 1992 मध्ये सोडून 2000 साली पुरी केली. व्हिन्स कार्टरने तर 20 मे 2001 ला कमालच केली. सकाळी नॉर्थ कॅरोलायनात पदवीदान समारंभ, मग विमानाने फिलाडेल्फिया, आणि तिथे सिक्सर्सविरुद्ध निर्णायक सातवा सामना. शेवटचा फटका त्याच्याच हातात होता. चुकला. टोरांटो एका गुणाने हरलं आणि लोकांनी त्या गाऊनवर खापर फोडलं. आम्हाला विचाराल तर सकाळी तीन-चार तास कमी झोपल्याने बॉल रिंगवरून बाहेर जात नाही, पण हा वाद टोरांटोतल्या मित्रांशी घालून बघा!

उलट, कॉलेजात राहणं म्हणजे शिकणं, हे समीकरणच आता डळमळलंय. 2024 पासून खेळाडू हवी तितक्या वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो. चार वर्षांत तीन कॉलेजं केलेली मुलं आहेत. प्रत्येक बदलात काही क्रेडिट्स नव्या कॉलेजात धरलीच जात नाहीत, हे मास्टर्स करताना युनिव्हर्सिटी बदललेल्यांना ठाऊक आहे. तेव्हा मुलाने पुन्हा विषय काढला, तर त्याला आधी हे विचारा की तो अमुक खेळाडू चार वर्षं थांबला खरा, पण त्याची क्रेडिट्स किती झाली?