मोंढ्यातली बोली आणि कोटींचा हातोडा: जुनी गाडी खरेच ‘गुंतवणूक’ आहे का?

#थ्रेड 🧵👇

१/ लिलाव म्हणजे काय, हे गंगाखेडमध्ये पोरासोरांनाही ठाऊक असते. मोंढ्यात सोयाबीनचा ढीग, भोवती व्यापारी आणि काही क्षणांत संपणारी बोली. भाव पटला नाही तर माल परत नेण्याची मुभा शेतकऱ्याला असते. परतीचे भाडे मात्र त्याच्याच खिशातून जाते. याच गावातील तरुणांच्या मोबाइलवर हल्ली दुसराच लिलाव फिरतो: १९६०-७०च्या दशकांतील अमेरिकन ‘मसल कार’, कोटींचे आकडे आणि सोबत एक ठाम विधान, ‘जुनी गाडी ही सोन्याहून सरस गुंतवणूक.’

२/ हे विधान इतिहासाच्या नावावर खपवले जाते. म्हणून त्याचा समाचारही इतिहासाच्या पुराव्यांनीच घ्यायला हवा.

३/ सर्वांत लाडके उदाहरण ‘बुलिट’ चित्रपटातील १९६८ची फोर्ड मस्टँग. १९७४ मध्ये एका अमेरिकन कुटुंबाने ती सुमारे ६,००० डॉलरना घेतली. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात मीकमच्या लिलावात हातोडा ३४ लाख डॉलरवर पडला. खरेदीदाराचे शुल्क धरून किंमत ३७ लाख ४० हजार झाली. ४६ वर्षांत ६००पटींहून अधिक! हिशेब मांडला तर दरसाल सुमारे १५ टक्के चक्रवाढ. आकडा खोटा नाही.

४/ परंतु त्या कुटुंबाने गुंतवणूक केलीच नव्हती. गृहिणी शिक्षिका होत्या. त्या हीच गाडी घेऊन शाळेत जात. पुढे क्लच गेला आणि गाडी कित्येक वर्षे पडून राहिली. १९७७ मध्ये खुद्द नट स्टीव्ह मॅक्वीन याने पत्र लिहून ती परत मागितली, तरीही त्यांनी दिली नाही. ज्याला आज ‘दूरदृष्टी’ म्हटले जाते, तो एका घराचा जिव्हाळा होता, आणि थोडा आळसही.

५/ १९६८ या एकाच वर्षी फोर्डने ३ लाखांहून अधिक मस्टँग बनवल्या. त्यांतील बहुतेक गंजल्या, ठोकल्या गेल्या, भंगारात निघाल्या. त्यांचे व्हिडिओ कोणी बनवत नाही. जिंकलेल्या एका तिकिटावरून लॉटरीचा परतावा काढावा, तसे हे गणित आहे. गॅरेजचे भाडे, विमा, सुटे भाग, कारागिराची मजुरी हे तर त्यात धरलेलेच नसते.

६/ दुर्मीळतेची कथा याहून मजेशीर. १९७१ची प्लिमथ ‘हेमी कुडा’ (उघड्या टपाची) २०१४ मध्ये सिॲटल येथे ३५ लाख डॉलरना विकली गेली. त्या वर्षी अशा फक्त ११ गाड्या बनल्या होत्या. कारण? गिऱ्हाईकच नव्हते. गाडी महाग, विम्याचे हप्ते जबर, प्रदूषणाचे नियम कडक होत चाललेले. बाजाराने नाकारलेली वस्तू ४३ वर्षांनी बाजाराचेच दैवत झाली. हे आधी कोण ओळखणार होते?

७/ आणि किमती चढतच राहतात, हाही भ्रमच. १९८९-९०च्या सुमारास फेरारीचे भाव आकाशाला भिडले आणि पुढील काही वर्षांतच कोसळले. २००८च्या आर्थिक संकटानंतर मसल कारचीही तीच गत झाली.

८/ आता घराकडे वळू. ‘प्लिमथ’ हे नाव महाराष्ट्राला परके नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. क्रायस्लरशी करार झाला आणि कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडल्या जाऊ लागल्या. पुढे फिएटशी सहकार्य झाले आणि त्या वंशात ‘प्रीमियर पद्मिनी’ जन्मली. परवाना राज्यात गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबलेली कुटुंबे, टॅक्सीवर संसार उभे करणारे चालक, कुर्ल्याचे कामगार: हा आपल्या मोटारीचा इतिहास.

९/ त्याचा शेवट कसा झाला? मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा. म्हणून ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून हटली. निदान एक तरी गाडी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. या मागणीवर बोली लावणारा कोणी नव्हता.

१०/ ‘पण गुंतवणूकदार आहेत म्हणूनच गाड्या जगतात ना?’ हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पैसा नसता तर अनेक यंत्रे खरोखर भंगारात गेली असती. मात्र पैसा तेच वाचवतो ज्याला भाव आहे. शिवाय भाव टिकवायचा तर गाडी चालवायची नाही, असा या व्यवहाराचा उलटा न्याय. भारतात तर २०२१च्या नियमांनुसार ५० वर्षांवरील ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदलेली गाडी रोजच्या वापराला काढताच येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन, देखभाल एवढ्यापुरतीच मुभा. म्हणजे ती घेऊन मोंढ्यातही जाता येणार नाही.

११/ गंगाखेड १९४८पर्यंत निजामाच्या राज्यात होते. सहावे निजाम महबूब अली खान यांच्यासाठी मागवलेली पिवळी रोल्स-रॉईस ‘सिल्व्हर घोस्ट’, मागे सिंहासनासारखी बैठक असलेली, आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. १९११ मध्ये निजाम वारले, गाडी नंतर आली, आणि ती चालली अगदी थोडी. ती पाहताना बहुतेकांच्या तोंडी एकच प्रश्न असतो: ‘आज किती कोटींना जाईल?’ ज्या राज्याचे हे वैभव, त्याच्या तिजोरीत गोदाकाठचा शेतसाराही जात होता. परभणीकडच्या माणसाने किमतीआधी ही विचारणा करायला नको का?

१२/ एक गोष्ट मात्र लिलाववाल्यांकडून शिकण्यासारखी आहे: ते कागद सांभाळतात. इंजिन क्रमांक, पहिल्या मालकाची पावती, मॅक्वीनचे ते पत्र, या सगळ्यांचे मोल त्यांना कळते. आपल्याकडे पद्मिनी भंगारात गेली की तिचे आरसी बुक, परमिट, गॅरेजवाल्याची वही रद्दीच्या गठ्ठ्यात जाते. ज्या घरात जुन्या जीपचे, फिएटचे, राजदूतचे कागद अजून ट्रंकेत असतील, त्यांनी ते या आठवड्यातच बाहेर काढून त्यांचे फोटो घ्यावेत, आणि गाडी चालवणारे आजोबा हयात असतील तर त्यांचे बोलणेही ध्वनिमुद्रित करून ठेवावे.