नाशिक पाहिलें म्हणजे काय पाहिलें ?

नाशिक एका दिवसांत पाहून होतें, ही समजूत आतां इतकी रूढ झाली आहे कीं तिला हरकत घेणाराच विक्षिप्त ठरावा. सकाळीं रामकुंड, मग कपालेश्वर, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, दुपारीं त्र्यंबकेश्वर. यादी संपली कीं नाशिक संपलें ! गेल्या हिंवाळ्यांत एक स्नेही सहकुटुंब आले असतां अंबडहून भाड्याची गाडी करून मीहि या यादीमागें फिरलों. महामार्गावर डोंगर दिसतांच स्नेह्यांनीं तो कसला म्हणून विचारलें. "पांडवलेणीं. पांडव वनवासांत राहिले होते. पायऱ्या फार, वर बघण्यासारखें कांहीं नाहीं," असें चालकानें सांगितलें आणि गाडी पुढें गेली. मी गप्प बसलों, हा अपराध माझा.

वर काय आहे ? त्या त्रिरश्मि पर्वतांत चोवीस लेणीं आहेत, आणि पांडवांशीं त्यांचा सुतराम् संबंध नाहीं. तीं कोणीं व कशासाठीं कोरविलीं हें सांगावयास दंतकथेची गरज नाहीं, दगडच सांगतो. क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात यानें येथें लेणें खोदविलें आणि भिक्षूंच्या खर्चासाठीं तीन हजार कार्षापणें जवळच्या गोवर्धन गांवच्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे ठेविलीं : दोन हजार दरमहा शेंकडा एक व्याजानें, एक हजार पाऊण व्याजानें. मुद्दल परत मागावयाचें नाहीं, व्याजांतून चीवरें द्यावयाचीं. पुढें आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळीं विष्णुदत्ता नांवाच्या उपासिकेनें आजारी भिक्षूंच्या औषधासाठीं अशाच ठेवी ठेविल्या. त्या घेणाऱ्यांत तेल्यांची श्रेणी आहे आणि 'ओदयंत्रिकां'ची, म्हणजे पाण्याचीं यंत्रें करणाऱ्यांची, आहे. अंबडच्या कारखान्यांत यंत्रावर उभा राहणारा कामगार रोज तो डोंगर पाहतो. आपल्या धंद्याच्या माणसांची पत त्या डोंगरांत कोरलेली आहे, हें त्याला कोण सांगणार ? आम्ही शिकविणारे तर परीक्षेपुरतें सातवाहनांचीं नांवें पाठ करवून मोकळे होतों !

कोणी म्हणेल, यात्रेकरू पुण्यासाठीं येतो, शिलालेख वाचावयास नव्हे. मान्य. परंतु हा उषवदात तरी कशासाठीं आला होता ? ज्या लेखांत भिक्षुसंघाला लेणें दिल्याचें तो सांगतो, त्याच लेखांत देवब्राह्मणांना सोळा गांवें दिल्याचें आणि तीन लक्ष गाई दान केल्याचें अभिमानानें सांगतो. (आंकडा लेखांतलाच, गाई मोजावयास आपण नव्हतों.) या मनुष्याला आजच्या यादीच्या कोणत्या रकान्यांत घालावें ? भाविकपणाला माझा विरोध नाहीं. भाविकाला कमी दाखवून लवकर मोकळें करण्याच्या धंद्याला आहे.

काळारामापुढें हा धंदा अधिक बोंचला. दगड कोठला, देऊळ बांधविणारे सरदार ओढेकर कोण, कळस कसा, इतकें सांगून झालें. २ मार्च १९३० रोजीं डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्यामागें हजारों स्त्रीपुरुष याच देवळावर चालून आले होते आणि त्यांना पाहून दरवाजे बंद झाले, यांतलें अवाक्षर नाहीं. सत्याग्रह वर्षानुवर्षें रेंगाळला, दार उघडलें नाहीं, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवल्यास आंबेडकरांनीं, हिंदु म्हणून जन्मलों तरी हिंदु म्हणून मरणार नाहीं, असें जाहीर केलें. ज्या दारांतून आपण जोडे काढून सहज आंत शिरतों, त्या दाराची ही हकीकत देवदर्शनाला विटाळ आणते काय ? माझ्या स्नेह्यांची कन्या महाविद्यालयांत आहे. तिला हा इतिहास मीं परतीच्या वाटेवर सांगितला, तेव्हां ती म्हणाली, "काका, मग तिथें उभ्या असतांना कां नाहीं सांगितलंत ?" मला उत्तर सुचलें नाहीं.

दर बारा वर्षांनीं सिंहस्थ येतो. त्याच्या निमित्तानें रस्ते रुंद होतात, घाट लांबतात. यादी मात्र होती तेवढीच राहते.

स्नेही पुन्हा यावयाचे आहेत. या खेपेस गाडी अंबडहून प्रथम त्रिरश्मीच्या पायथ्याशींच उभी करावयास सांगणार आहें. पायऱ्या दोनेकशें आहेत आणि स्नेह्यांचे गुडघे दुखतात, हें ठाऊक आहे. सावकाश चढूं, त्र्यंबकेश्वर दुसऱ्या दिवशीं.